‘कोयता’ नव्हे, कामगार!

दसरा-दिवाळी सरली की बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत साखर कारखान्यांचे भोंगे वाजू लागतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. मराठवाड्यातून, बीड-जालन्याकडून टोळ्या उतरतात. नीरा डाव्या कालव्याच्या आसऱ्याने पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. या दिवसांत कारखान्याच्या शेती खात्यापासून चहाच्या टपरीपर्यंत एकच प्रश्न विचारला जातो, ‘यंदा किती कोयते आले?’ किती माणसे आली, असे कोणी विचारत नाही.

नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटाच आला तर तो अर्धा कोयता. उचल दिली जाते ती कोयत्याला. एक दिवस अंग मोडून आले, बाळंतीण झाली, पोर तापाने फणफणले आणि कामावर जाता आले नाही, तर खाडा लागतो तोही कोयत्याला. पहाटे उठून भाकरी थापणारी, दिवसभर फडात मोळ्या बांधणारी, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई या हिशेबात कुठे आहे? ती कोयत्याच्या अर्ध्या भागात आहे. मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचे, अंगठा नवऱ्याचा, उचल नवऱ्याच्या हातात. तिच्या घामाला स्वतंत्र नाव नाही, म्हणून स्वतंत्र दामही नाही.

आम्ही या शब्दावर अडून बसलो आहोत ते भाषेच्या हौसेपोटी नव्हे. काम करणाऱ्याला समाज कोणत्या नावाने हाक मारतो, यावर त्याला काय देणे लागतो हे ठरत असते. नाव हत्याराचे असेल तर हत्याराला धार लावली की काम भागते. नाव माणसाचे असेल तर त्याला मजुरी द्यावी लागते, सुट्टी द्यावी लागते, अपघात झाला तर भरपाई द्यावी लागते. फडात आता ऊस तोडणारे यंत्रही आले आहे. त्या यंत्राच्या मालकाला लोक ‘हार्वेस्टर मालक’ म्हणतात. कोयत्याच्या मालकाला मात्र कोयताच म्हणतात!

जगाच्या दुसऱ्या टोकाला याच्या नेमके उलटे घडले. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने सक्तीने करायचे काम, आपल्याकडची वेठच म्हणा ना. कारेल चापेक या लेखकाने १९२० साली एक नाटक लिहिले. त्यातल्या कृत्रिम कामकऱ्यांना त्या शब्दावरून ‘रोबोट’ हे नाव मिळाले आणि ते जगभर गेले. तिकडे राबणाऱ्या माणसाचे नाव यंत्राला मिळाले, आपल्याकडे हत्याराचे नाव राबणाऱ्या माणसाला चिकटले.

शब्दांची ही हेराफेरी आमच्या समाजाला नवी नाही. ‘वतन’ हाच शब्द घ्या. अरबीत आणि उर्दूत वतन म्हणजे मायभूमी. त्या शब्दाने तिकडच्या माणसाचा ऊर भरून येतो. मराठी मुलखात तोच शब्द आला आणि त्याचा अर्थ झाला पिढीजात काम आणि त्याचा पिढीजात हक्क. पाटलाचे वतन, कुलकर्ण्याचे वतन आणि महाराचेही वतन! पाटलाच्या वतनात मान होता. महाराच्या वतनात होते सरकारी टपाल आणि खजिना वाहणे, गावात आलेल्या अंमलदाराच्या दिमतीला राहणे, मेलेली जनावरे ओढणे आणि रात्री-अपरात्री हाक आली की धावत जाणे. मोबदला काय? तुटपुंजी इनाम जमीन आणि दारोदार मागायचे बलुते. शब्द मानाचा होता आणि जिणे गुलामाचे होते. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाचे बिल आणले आणि १८७४ च्या वतन कायद्यालाच हात घातला. आपल्याच काही बांधवांना तेव्हा ते रुचले नाही. ‘हक्क’ जातो आहे असे त्यांना वाटले. शब्दाची भूल किती खोल असते, याचा याहून मोठा दाखला कोणता?

पुढे कायदा झाला तो १९५८ साली. त्याचे नावच मुळी मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायदा. वतन नाहीसे करणाऱ्या कायद्यानेही जाता जाता ‘कनिष्ठ’ हा शिक्का मारूनच घेतला.

वतन गेले, पण गावचे काम कुठे गेले? त्या कामासाठी कोतवाल आला. इथेही शब्दाची गंमत पाहा. दिल्लीत कोतवाल म्हणजे शहराचा पोलिस प्रमुख. त्याच्या कचेरीची कोतवाली अजून लोकांच्या तोंडी आहे. पेशव्यांच्या पुण्यातही कोतवाल हा बडा अधिकारी. महाराष्ट्राच्या खेड्यात मात्र तोच कोतवाल दवंडी पिटणारा, नोटिसा पोचवणारा, तलाठ्याच्या मागे दप्तर घेऊन फिरणारा, महसूल खात्याच्या उतरंडीतले सर्वांत खालचे मडके झाला. आता त्याच्याच वरच्या दोघांकडे बघा. २०२४ साली सरकारने तलाठ्याला ‘ग्राम महसूल अधिकारी’ केले आणि ग्रामसेवकाला ‘ग्रामपंचायत अधिकारी’ केले. नावे बदलण्याच्या या मोसमात कोतवालाचेही पदनाम बदलले. तो झाला ‘महसूल सेवक’. एक अधिकारी, दुसरा अधिकारी आणि तिसरा सेवक! चतुर्थ श्रेणीचा दर्जा द्या, ही कोतवालांची वर्षानुवर्षांची मागणी आहे. नवे नाव मिळाल्यावरही त्याच मागणीसाठी त्यांना आंदोलन करावे लागले. नाव बदलून हातात काय आले, याचे उत्तर त्यांनाच विचारा.

आणि ‘कामगार’ हा शब्द तरी आरंभापासून मजुराचा होता काय? जुन्या कारभारात कामगार म्हणजे अंमलदार. पाटलाला गावकामगार पाटील म्हणत. ‘गाव कामगार तलाठी’ हा शिक्का असलेले दाखले आमच्या घरोघरी पेट्यांतून पडून आहेत. म्हणजे अधिकाराची खुर्ची होती तेव्हा कामगार हा मानाचा शब्द होता. गिरणीतला, रेल्वेतला, गोदीतला मजूर संघटित झाला आणि लढून हा शब्द त्याने स्वतःच्या नावावर करून घेतला. शब्द असे मिळत असतात. ते कोणी दान देत नाही.

आमच्याकडे एक जुनी म्हण आहे : उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. लहानपणापासून ती ऐकवली जाते. पण या तीन पायऱ्यांत मजुरी कुठे आहे? ती नाहीच! म्हण रचणाऱ्याच्या लेखी शेती म्हणजे जमिनीची मालकी, तिच्यात राबणारा हात हिशेबातच नाही. याच इंदापूर तालुक्यात १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमिनीची नवी पाहणी केली आणि तिच्या धर्तीवर पुढे मुंबई इलाख्याची रयतवारी उभी राहिली. जमिनीची प्रत ठरली, आकार ठरला, खातेदार ठरला. आजचा सातबारा काढून बघा. मालकाला रकाना आहे, कुळाला रकाना आहे, पिकाला आणि पाण्याच्या साधनालाही आहे. त्या जमिनीत पिढ्यान् पिढ्या खुरपणाऱ्या बाईला रकाना नाही. ऊस कारखान्यात गेल्यावरही तेच. शेतकऱ्याच्या हिशेबात ‘तोडणी-वाहतूक खर्च’ अशी एक ओळ असते. माणूस तिथे खर्च म्हणून येतो.

म्हणीत जी नोकरी कनिष्ठ, तीच आमच्या बापजाद्यांना स्वर्ग वाटली. का वाटणार नाही? पलटणीत, गिरणीत, रेल्वेत महिन्याच्या महिन्याला पगार मिळे आणि तो दारोदार मागावा लागत नसे. तरी तिथेही जात आडवी आलीच. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना शिरकाव नव्हता, कारण धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई! जातिव्यवस्था नुसती कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्यांनाच वरखाली रचून ठेवते, असे बाबासाहेबांनी १९३६ च्या आपल्या न झालेल्या लाहोरच्या भाषणात दाखवून दिले, त्याला असे अनुभव होते. ‘नोकर’ हा शब्द मूळचा मंगोल भाषेतला आणि तिथे त्याचा अर्थ सरदाराचा साथीदार, जिवाला जीव देणारा सोबती असा होता. आपल्या मुलखात पोचेपर्यंत तो साथीदार उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

‘बिगार’ हा शब्द फारसीतून आला, अर्थ फुकट राबवून घेणे. राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगारीवर बंदी घातली, तेव्हा घटनेच्या इंग्रजी मसुद्यातही हाच देशी शब्द ठेवावा लागला. १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला; आगाऊ पैसे देऊन माणूस कामाला बांधून घेणे त्यात गुन्हा ठरले. आज बारामतीच्या एखाद्या बांधकामावर जा. गवंड्याच्या हाताखाली घमेली वाहणाऱ्याला काय म्हणतात? बिगारी! घटनेने बंद केलेल्या गुन्ह्याचे नाव आम्ही त्या गुन्ह्याला बळी पडलेल्या माणसाला देऊन मोकळे झालो. आणि फडातली ती उचल, जी फिटेपर्यंत टोळीला हलता येत नाही, ती कोणत्या कलमात बसते हे कायद्याच्या पंडितांनी एकदा सांगावे.

आता दुसरी तऱ्हा पाहा, गोड शब्दांची. अंगणवाडीतली बाई ‘सेविका’, तिच्या हाताखालची ‘मदतनीस’. आरोग्य खात्याची आशा ‘स्वयंसेविका’. सेवा करणाऱ्याला पगार कसा द्यायचा? म्हणून ‘मानधन’! मान भरपूर, धन बेताचे. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या अंगणवाडी सेविकांच्या दाव्यात त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला; मानधन हे नाव दिले तरी तो कामाचा मोबदलाच होय, हे मान्य झाले. एका शब्दाचा पडदा फाडायला या बायकांना देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंत जावे लागले. २०२० साली कोरोनात गटारे उपसणारा आमचा भाऊ ‘योद्धा’ झाला होता. टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. टाळ्यांनी त्याच्या हातात हातमोजे आले काय?

म्हणून आमची कसोटी साधी आहे. शब्द बदलला तेव्हा हातात काय आले? डोक्यावर ओझे वाहणाऱ्या हमालाला ‘माथाडी’ हे नाव मिळाले, त्याबरोबर १९६९ चा कायदा आला, मंडळ आले, नोंदणी आली, भविष्य निर्वाह निधी आला. तो शब्द खरा. कायदा, नोंद आणि पैसा यांच्याशिवाय आलेला शब्द कितीही गोड असो, ते नव्या नावाचे जुने वतनच समजावे.

या सगळ्याच्या मुळाशी ‘कर्म’ हा शब्द आहे. आपल्याकडे पुढाऱ्याला कर्मयोगी म्हणण्याची रीत आहे, आणि फडातली बाई कपाळावर हात मारून म्हणते, ‘माझं कर्म!’ एकाच शब्दात एकाला मोठेपणा आणि दुसरीला नशिबाचा दोष. मनुवादाने कामाला जन्माशी आणि जन्माला मागच्या पापाशी बांधले, ते असे. तथागतांनी ही गाठ अडीच हजार वर्षांपूर्वी सोडवली. सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात ते समजावून सांगतात की, माणूस शेतकरी, कारागीर किंवा व्यापारी ठरतो तो जे करतो त्यावरून, ज्या कुशीत जन्मला त्यावरून नव्हे. पालीतले ‘कम्म’ माणसाच्या हातात आहे, कपाळावर नाही. सम्यक आजीविका हा अष्टांगिक मार्गाचा भाग आहे, हे आपण वंदनेपुरते म्हणायचे काय?

कोणी म्हणेल, नाव बदलून पोट भरते काय? नुसत्या नावाने भरत नाही, हे आम्हीही जाणतो. पण उसाने भरलेली ट्रॉली उलटून बाई चिरडली, तर भरपाई मागायला आधी ती त्या कामावर होती हे सिद्ध करावे लागते. वहीत ‘कोयता’ असेल तर कोयत्याचा वारस कोण? म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. करारावर, हजेरीवर आणि हिशेबाच्या वहीत नवरा आणि बायको या दोघांची दोन नावे लागली पाहिजेत. तिची मजुरी तिच्या खात्यावर गेली पाहिजे. खाड्याच्या नावाने आजाऱ्याला आणि बाळंतिणीला दंड करणे बंद झाले पाहिजे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे, त्याच्या पाटीवर ‘कामगार’ हा शब्द आहे. तो पाटीवरून फडात उतरला पाहिजे.

हे काम कारखान्यावर आणि सरकारवर सोडून चालणार नाही. टोळीत वंजारी आहे, बंजारा आहे, मराठा आहे, मातंग आहे, बौद्ध आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली पक्ष काढला तेव्हा त्याला जातीचे नाव दिले नाही, स्वतंत्र मजूर पक्ष हे नाव दिले. त्या नावाखाली सगळ्या राबणाऱ्यांना उभे राहता यावे, हा त्यातला विचार होता. बारामती-इंदापुरातल्या आपल्या तरुणांनी हा हंगाम वाया घालवू नये. संध्याकाळी वही-पेन घेऊन कोप्यांवर जावे, प्रत्येक बाईचे, प्रत्येक माणसाचे पूर्ण नाव, गाव आणि कामाचे दिवस लिहून घ्यावेत, ओळखपत्राचे अर्ज भरून द्यावेत. आणि ज्या दिवशी कोणी विचारील, ‘किती कोयते आले?’ त्या दिवशी त्याला ठणकावून सांगावे, ‘कोयते मोजून झाले असतील तर आता माणसांची नावे लिहा!’