घरापुरती होडी

"मावशी, विकायची थोडीच आहे? घरापुरती तर करतोय!"

भाचा असं म्हणाला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. या 'घरापुरतं' शब्दाच्या आड आपण काय काय खपवतो, त्याची यादी करायला बसलं तर वही पुरायची नाही.

प्रकरण असं. भाच्याने ओळखीच्या एका माणसाकडून दोघं बसतील अशी फायबरची होडी आठ दिवसांसाठी मागून आणली. तो माणूस अशा होड्या स्वतः बनवून विकतो. आकारही त्याचाच. पहिल्या दोन होड्या पाण्यात एका अंगाला ओढायच्या म्हणून त्याने त्या मोडून टाकल्या, हे त्यानेच भाच्याला सांगितलेलं. भाच्याचा बेत असा की होडी वाळपईच्या आमच्या अंगणात पालथी घालायची, तिला मेण चोळायचं, वर रेझिन आणि फायबरच्या मॅटचे थर चढवायचे आणि सुकलं की साचा सोडवून घ्यायचा. मग त्या साच्यात आपली होडी, आणि मूळची धुऊनपुसून परत. "त्याचं काय गेलं?"

काय गेलं ते सांगते. पण आधी त्याची बाजू मांडते, कारण ती लेचीपेची नाही.

कायदा बहुधा त्याच्याच बाजूचा आहे. आपला २००० सालचा डिझाइन कायदा नोंदणी केलेल्या आकाराला दहा वर्षं संरक्षण देतो, अर्ज केला तर आणखी पाच. पण नक्कल करणाऱ्याला तो धरतो ते विक्रीसाठी केलेल्या नकलेबद्दल. शिवाय नोंदणी करायला आपल्याकडचा छोटा होडीवाला जातो कुठे? अमेरिकेतही हाच वाद झाला. दुसऱ्याच्या होडीवरून थेट साचा काढू नये, असा कायदा फ्लोरिडा राज्याने १९८३ मध्ये केला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९८९ मध्ये रद्द ठरवला, आणि मग १९९८ मध्ये खास होडीच्या आकारासाठी देशाचा वेगळा कायदा करावा लागला. म्हणजे शहाण्यासुरत्या माणसांनाही हे चटकन सुटलेलं नाही.

आणि नक्कल म्हणजे पापच, असंही मी म्हणत नाही. होड्या तर नकलेतूनच शिकल्या गेल्या. आपल्या किनाऱ्यावरच्या सुताराकडे कागदावरचा नकाशा कुठे होता? बापाची होडी बघून मुलाने केली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता ज्या 'सुहैली'तून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली. तिचा आराखडा अमेरिकेच्या विल्यम अ‍ॅटकिन यांचा, आणि अ‍ॅटकिन यांनी तो बेतला नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांच्या बचावनौकांवरून. त्याच जातीची 'थुरिया' २०१७ मध्ये आपल्या गोव्यात बांधली गेली, अभिलाष टॉमी यांच्यासाठी. एका आकाराचा हा एवढा प्रवास, पण वाटेतलं एकही नाव गळलेलं नाही.

आमच्या सत्तरीतून वाहणाऱ्या नदीचं नाव मिरवणारी नौदलाची 'म्हादई' घ्या. दिवाडीला बांधलेली. दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने जग फिरून आले. तिचा आराखडा व्हॅन डी श्टाट या डच कार्यालयाचा. त्याच आराखड्यावर 'तारिणी' झाली, आणि २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा मुली तिच्यातून पृथ्वीला वळसा घालून आल्या. बांधणारे गोंयकार, आराखडा डच, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याने आपल्या अभिमानाला कुठे उणेपणा आला? आणि अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून परवा, २०२५ मध्ये, शिवलेलं 'कौंडिण्य' नौदलात आलं. तो चित्रकार कोण, माहीत नाही, विचारायचं कुणाला? तरी 'अजिंठ्याचं' असं आवर्जून सांगितलं जातं.

मग भाच्याची होडी कुठे अडते? ती अडते उसनवारीत. त्या माणसाने होडी दिली ती वल्हवायला. आकार दिला नव्हता. आम्हा जैनांच्या अणुव्रतांत चोरीला जुना शब्द आहे, अदत्तादान, म्हणजे न दिलेलं घेणं. त्यात विकलं की नाही, किती किमतीचं, मालकाचं नुकसान झालं की नाही, यातलं काहीच विचारलेलं नाही. दिलं होतं का, एवढंच. भाच्याचा 'घरापुरती' हे दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

दुसरं, बघून करणं आणि साचा काढणं यांत फरक आहे. बघून करणारा चुकतो, तासतो, पुन्हा करतो. शेवटी होडीत त्याचीही काही अक्कल उतरते. साचा काढणारा मात्र त्या माणसाच्या मोडलेल्या दोन होड्यांची कमाई एका दुपारी उचलतो. आणि गंमत म्हणजे तीही अर्धीच! साच्याला कळतो बाहेरचा आकार. आत मॅटचे थर किती, जोर कुठे येतो, होडी उलटली तरी तरंगावी म्हणून हवेचे कप्पे कुठे, हे साचा सांगत नाही. त्या होडीत घरचीच पोरं बसणार ना? घरापुरती!

तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही कधी मैत्रिणीच्या ब्लाउजवरून कागद कापला नाही? कापला. कॉलेजात अख्खी पुस्तकं झेरॉक्स केली. म्हणून तर बोलते. मैत्रिणीने ब्लाउज हातात ठेवताना "काप गं" म्हटलं होतं, ते वेगळं. झेरॉक्सवाल्या पुस्तकांच्या लेखकांना मी विचारलं नव्हतं, आणि ते आजही टोचतं. पुढे माझाच एक लेख कुणी एका कार्यक्रमात स्वतःचा म्हणून वाचला, तेव्हा खुर्चीत बसून मी टाळ्या ऐकल्या. पैसे त्यालाही मिळाले नव्हते. 'घरगुती' कार्यक्रम होता. माझं काय गेलं, हे मात्र मला नीट कळलं.

"त्याने नाही म्हटलं तर?" हा भाच्याचा शेवटचा प्रश्न. खरं तर सगळं प्रकरण या प्रश्नात आहे. नकाराची भीती वाटते म्हणून आपण विचारत नाही, म्हणजे तो नाही म्हणू शकतो, त्याला तो हक्क आहे, हे आपल्याला आधीच पटलेलं असतं.

नाही म्हणाला तर पैसे विचार. परवडत नसतील तर त्याच्या हाताखाली चार महिने मॅट कापत बस. तेही नको तर जुने, सर्वांना खुले झालेले आराखडे आहेत, त्यातला घे आणि स्वतः चुक. नाहीतर होडी भाड्याने घे. म्हादई कुठे पळून चालली नाही.

एवढं करूनही साचाच काढायचा असेल तर काढ बाबा, कायदा तुला हात लावणार नाही. पण माझ्या अंगणात नाही. आणि होडी परत करायला जाशील तेव्हा मी सोबत येते. "हिच्यावरून आम्ही साचा काढला" हे वाक्य तू त्या माणसाच्या तोंडावर बोलून दाखव. बोलता आलं, तर मी हा लेख मागे घेईन.