हौसेलाही मोल असते

सुपरमॅनची किंमत किती, या प्रश्नाला एकदा अगदी नेमके उत्तर मिळाले होते : १३० डॉलर. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ साली आपला हा मानसपुत्र सर्व हक्कांसकट प्रकाशकाला दिला तो एवढ्या रकमेत. चेक निघाला ४१२ डॉलरचा, कारण त्यात त्यांच्या इतर कामांचेही पैसे होते. दोघांनी पाठीमागे सह्या केल्या, चेक वटला, व्यवहार संपला. पुढे सुपरमॅनवर इतरांनी अमाप पैसा केला आणि हे दोघे ओढगस्तीतच राहिले. बराच बोभाटा झाल्यावर १९७५ साली वॉर्नर कंपनीने दोघांना दरसाल २० हजार डॉलर देऊ केले आणि सुपरमॅनवर त्यांची नावे पुन्हा लागली. आणि तो वटलेला चेक? तो २०१२ साली लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला गेला!

बँकेत उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याच्या लेखी वटलेला चेक म्हणजे मेलेला कागद. काही वर्षे दप्तरी ठेवायचा आणि मग नियमानुसार नष्ट करायचा. त्या कागदाला कुणी एवढे पैसे मोजतो तेव्हा हौसेला मोल नाही ही म्हण आठवते. पण मला ही म्हण कधीच पुरती पटलेली नाही. हौसेलाही मोल असते. ते ठरवायचे कोणी आणि तोंडावर सांगायचे कोणी, एवढाच वाद असतो. हा वाद सध्या मोठ्या हिरिरीने चालतो तो सुपरहिरोंच्या महागड्या बाहुल्या जमवणाऱ्यांच्या जगात.

‘बाहुल्या’ हा शब्द त्या मंडळींना मुळीच खपत नाही. त्याला इतिहास आहे. १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ नावाचा बारा इंची सैनिक बाजारात आणला. त्याचे कपडे बदलता येत, हातपाय वळवता येत. म्हणजे होती ती बाहुलीच. पण मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत आणि त्यांचे वडील ती विकत घेणार नाहीत, हे ओळखून कंपनीने तिला ‘ॲक्शन फिगर’ असे नाव दिले. नावाने काम केले. १९७२ पासून मेगो कंपनीने कापडी पोशाखातले आठ इंची सुपरहिरो आणले आणि बॅटमॅन, स्पायडरमॅन घरोघर पोचले.

या नावाची खरी परीक्षा पुढे न्यायालयात झाली. त्या वेळी अमेरिकेत परदेशी बाहुल्यांवर १२ टक्के आणि इतर खेळण्यांवर ६.८ टक्के आयातशुल्क होते. कायद्याच्या दृष्टीने माणसाची प्रतिकृती ती बाहुली. टॉय बिझ या कंपनीने दावा लावला की, आम्ही आणतो ते ‘एक्स-मेन’ वगैरे माणसेच नव्हेत. २००३ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला. शुल्क वाचले, पण चाहते हळहळले. कारण ही पात्रे वेगळी असली तरी तुमच्याआमच्यासारखी माणसेच आहेत, हा तर एक्स-मेनच्या कथांचा प्राण. पाच टक्क्यांसाठी कंपनीने आपल्याच नायकांची माणुसकी काढून घेतली!

आता हे खेळणे कुठल्या कुठे गेले आहे. माझा एक भाचा न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडे काचेच्या कपाटात, आतल्या दिव्यांच्या उजेडात असे चौदा वीर उभे आहेत. त्यातले बहुतेक हाँगकाँगच्या ‘हॉट टॉइज’चे. ही कंपनी २००० साली निघाली. तिचे प्रमाण एकास सहाचे, म्हणजे सहा फुटी माणूस एक फुटाचा. चेहरा थेट त्या नटाचा. त्वचेवरची छिद्रे आणि गालावरची खुरटी दाढीसुद्धा रंगवलेली. ‘द डार्क नाइट’मधल्या हीथ लेजरच्या जोकरसारख्या काही मूर्तींची तर बुबुळेही फिरवता येतात. सोबत सुट्या हातांचे जोड : मूठ आवळलेला, बोट रोखलेला, शस्त्र धरणारा. साध्या मूर्तीलाही अडीचशे-तीनशे डॉलर पडतात, म्हणजे आपले वीस-पंचवीस हजार रुपये. मोठ्या चिलखतवाल्यांना याहून पुष्कळ अधिक. मी एकाला हात लावायला गेलो तर भाचा म्हणाला, “मामा, खेळणं नाही हं ते!” त्याच्या सात वर्षांच्या मुलीने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले. तिलाही हेच सांगितले गेले असावे.

या छंदाला हसणे सोपे आहे, पण मी हसणार नाही. आपल्यातही कुणी तिकिटे जमवतो, कुणी जुनी नाणी, कुणी तीन खोल्यांच्या घरात अडकित्त्यांना भिंत देतो. शिवाय हा भाचा बारा तास काम करतो, कर्जाचे हप्ते वेळेवर भरतो आणि लहानपणी डोंबिवलीच्या चाळीत ज्याचे चित्र वहीवर चिकटवत असे, तो बॅटमॅन आज कपाटात ठेवतो. यात वाईट काय? माझे कुतूहल वेगळ्या गोष्टीचे आहे. ही मंडळी एकत्र जमली की मूर्तींइकतेच हिरिरीने बोलतात ते मूर्तींच्या परीक्षकांबद्दल.

परीक्षक लागतो, कारण ही खरेदी बहुतेक वेळा वस्तू न पाहताच होते. कंपनी नमुन्याची छायाचित्रे दाखवते. नमुना कसबी कलावंताच्या हातचा, प्रकाशयोजना उत्तम. ग्राहक आगाऊ नोंदणी करतो, अनामत भरतो, काही विक्रेते हप्तेही बांधून देतात. माल हाती येतो तो कित्येकदा वर्षाने. हा शिरस्ताही जुनाच. १९७७ च्या नाताळात ‘स्टार वॉर्स’च्या बाहुल्या वेळेत तयार होईनात, तेव्हा केनर कंपनीने चक्क रिकामे पाकीट विकले. आत होते प्रमाणपत्र : ते पाठवा, बाहुल्या पुढच्या वर्षी घरपोच येतील. लोकांनी ते घेतले, आणि कंपनीनेही शब्द पाळला.

न पाहिलेल्या वस्तूसाठी पैसे मोजणाऱ्याला कुणीतरी जाणता डोळा हवा असतो. पूर्वी हे काम मासिके करीत. ‘टॉयफेअर’ हे त्यातले नावाजलेले, १९९७ साली सुरू झाले आणि २०११ साली बंद पडले. आता ते काम बहुतेक व्हिडिओंतून होते. परीक्षक डबा उघडतो, मूर्ती हातात फिरवून दाखवतो. चेहरा नटासारखा आहे का, रंग रेषेबाहेर गेला आहे का, सांधे सैल आहेत का, आधाराशिवाय उभी राहते का, अंगरख्याची शिवण त्या आकाराला जाड दिसते का, हे सारे तो बघतो. यातल्या चांगल्या माणसांची नजर आपल्याकडच्या पैठणी पारखणाऱ्या आजीबाईंसारखी असते.

वाद सुरू होतो तो पुढे. काही परीक्षकांना कंपनी किंवा विक्रेता मूर्ती फुकट पाठवतो, तीही इतरांच्या आधी. फुकट मिळालेल्या वस्तूला नावे कशी ठेवणार? ठेवली तर पुढची मूर्ती येईल का? एक पक्ष म्हणतो, असे परीक्षण म्हणजे जाहिरात. दुसरा म्हणतो, स्वतःच्या पैशाने दर महिन्याला चार-पाच मूर्ती कोण घेणार, आणि लवकर पाहिल्याशिवाय लवकर सांगणार तरी कसे? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे बदलून सांगितले की, कंपनीकडून पैसे किंवा वस्तू मिळाली असेल तर ते उघड करावे. आपल्याकडेही ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ साली अशाच सूचना काढल्या. उघड केल्याने परीक्षक प्रामाणिक होतो असे नाही. पण ऐकणाऱ्याला किती मीठ घालून ऐकायचे ते कळते.

हा पेच मला नवा नाही. नोकरीत सातारा भागातल्या एका शाखेत असताना तिथे सोनेतारण कर्जाचे काम मोठे होते. पेरणीच्या तोंडावर बायका दागिने घेऊन येत. बँकेच्या यादीवरचे एक सराफ दागिना पारखत. कसाच्या दगडावर घासायचा, आम्लाचा थेंब सोडायचा, वजन करायचे, खडे आणि लाख वजा घालायची. त्यांचे शुल्क जात असे कर्जदाराच्या खिशातून, निष्ठा मात्र बँकेशी. सोने जास्त सांगितले तर बँक बुडणार, कमी सांगितले तर त्या बाईची पेरणी अडणार. एकदा एका बाईने आणलेल्या बोरमाळेचे मणी आतून लाखेने भरलेले निघाले. आकडा ऐकून ती बिथरली. “माझ्या आईची माळ हाय ती!” सराफ शांतपणे म्हणाले, “मावशी, आईची माया माझ्या काट्यावर बसत नाही. सोनं तेवढं बसतं.” बाईचा राग गेला नाही, पण कर्ज योग्य तेवढेच झाले आणि माळ दिवाळीनंतर सुटलीही.

परीक्षकाचे काम याहून वेगळे नाही. पण संग्राहकाला पुष्कळदा हवा असतो तो आशीर्वाद. परीक्षकावर चिडणाऱ्यांत सर्वांत मोठा आवाज असतो तो आधीच पैसे भरून बसलेल्यांचा. मूर्तीची हनुवटी चुकली आहे, असे कुणी म्हटले की त्यांना आपलीच अक्कल काढल्यासारखे वाटते. मग ‘त्याला कळतंय काय?’ पासून ‘तो प्रतिस्पर्धी कंपनीला विकला गेलाय’ पर्यंत मजल जाते. याच्या उलट, केवळ खोट काढली म्हणजे आपण निःस्पृह ठरलो, असे समजणारे परीक्षकही आहेतच. चाळीस मिनिटे ते एका नखाच्या रंगावर घालवतात. कादंबरीकार म्हणून मला दोन्ही जाती ओळखीच्या आहेत. स्तुती करणारा पुस्तक वाचत नाही आणि झोडपणारा मुखपृष्ठापुढे जात नाही, असा अनुभव कोणत्या लेखकाला नाही?

या वादात एक गोष्ट मात्र फार कमी बोलली जाते, आणि माझ्या मते तीच मुद्द्याची आहे. परीक्षण होते पहिल्या दिवशी, आणि खोट दिसते पाचव्या वर्षी. या मूर्तींच्या अंगावरचे चामडे बहुधा कृत्रिम असते. काही वर्षांनी ते आपोआप तडकते, त्याचे पापुद्रे सुटतात. हाताळा वा हाताळू नका, डबाबंद ठेवा वा कपाटात. रबरी पोशाख चिकट होतात, आत विसरलेले सेल पाझरतात. माझ्या भाच्याच्या कपाटातल्या एका वीराच्या जाकिटाचा चुरा त्याच्याच पायाशी पडला होता. त्या मूर्तीची परीक्षणे त्याने जपून ठेवली आहेत. सगळ्यांनी जाकिटाची तारीफ केली होती. बँकेतही हेच. कर्ज मंजूर होते त्या दिवशी प्रत्येक खाते उत्तमच असते. कर्ज देणाऱ्याची पारख कळते ती तीन वर्षांनी.

‘पुढे किंमत वाढेल’ या आशेने जमवणाऱ्यांनी तर हे मुद्दाम लक्षात ठेवावे. अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या दुनियेत नव्वदीच्या दशकात हा खेळ होऊन गेला आहे. १९९१ साली ‘एक्स-मेन’च्या नव्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती छापून विकल्या गेल्या, तोही वेगवेगळ्या मुखपृष्ठांनिशी. १९९२ साली सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत बंद करून आला. लोकांनी प्रती घेतल्या आणि न वाचता जपून ठेवल्या. १९३८ च्या अंकाला मोल आले, कारण तो पोरांनी वाचून फाडला, रद्दीत घातला आणि मोजकाच उरला. जी वस्तू सगळ्यांनीच जपली ती दुर्मीळ कशी होणार? बाजार बसला. खुद्द मार्व्हल कंपनीने डिसेंबर १९९६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि १९९८ साली ती टॉय बिझमध्ये विलीन होऊनच सावरली. माणसे की बाहुल्या, असा दावा लढणारी कंपनी तीच! त्या तेजीच्या दिवसांत किमतींचे तक्ते छापणारे उदंड होते. हे मोल टिकणार नाही, असे ठणकावणाऱ्यांचा आवाज मात्र कुणाला ऐकायचा नव्हता.

म्हणून मला वाटते, या छंदातल्या जाणत्यांनी परीक्षक विकला गेला आहे का, एवढ्यावरच भांडू नये. मूर्ती फुकट मिळाली की विकत, हे त्याने सांगावेच. पण त्याहून मोठी मागणी करावी : पाच वर्षांनी पुन्हा ये आणि तीच मूर्ती पुन्हा उघडून दाखव. असे जुने हिशेब पुन्हा काढणारे काही परीक्षक आहेत. त्यांना प्रेक्षक थोडे मिळतात, कारण नव्याची नवलाई त्यात नसते. पण घरच्या खर्चातून पैसे बाजूला काढणाऱ्या माणसाचा खरा हितचिंतक तोच.

आणि संग्राहकानेही आपल्या दोन वह्या वेगळ्या ठेवाव्यात. एक पैशाची, एक मायेची. पैशाच्या वहीत परीक्षकाला हवा तेवढा लाल शेरा मारू द्यावा, तो त्याचा अधिकार आहे. मायेच्या वहीत मात्र त्याला सही करायला लावू नये. आपला बॅटमॅन आपल्याला आवडतो, यासाठी कुणाचे प्रमाणपत्र लागत नाही. आणि आवडतोच आहे तर कधीतरी कपाटाची काच सरकवून तो घरातल्या सात वर्षांच्या हातात द्यायलाही हरकत नाही. जाकिटाचा चुरा तसाही होणारच आहे.