सार्वजनिक जागा कोणाची?

सर्व जनांचे ते सार्वजनिक, हे कोणीही सांगेल. परंतु ज्या जागेस आपण तसे म्हणतो, तेथे सर्व जनांस घटकाभर टेकता येते काय, हे आपण क्वचितच पाहतो.

केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी योजनेत २०१७ साली पिंपरी-चिंचवडची निवड झाली आणि क्षेत्रविकासासाठी पिंपळे गुरव व आपले पिंपळे सौदागर नेमण्यात आले. पवनाकाठच्या या जुन्या शेतकरी गावात आज रुंद पदपथ व सुंदर उद्याने आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु ज्या गवंड्यांनी येथील उंच इमारती उभारल्या, ज्या बाया चार घरची धुणीभांडी करितात, जो पहारेकरी रात्रभर फाटकाशी उभा असतो, त्यांस बसावयास सावली, प्यावयास पाणी व स्वच्छ शौचालय मिळते काय? भर दुपारी उद्यानास कुलूप असेल, तर त्याची शोभा त्यांच्या काय कामाची?

हल्ली गरिबास मज्जाव करण्यास पाटी लागत नाही. लोखंडच ते काम करिते. बाकाच्या मधोमध दांडा बसविला की थकलेल्या माणसास आडवे होता येत नाही. मुंबईच्या फोर्ट भागात २०१८ साली एका बँकेच्या दारापुढे अणकुचीदार खिळे बसविले होते. लोकांनी निषेध केला तेव्हाच ते निघाले.

केवळ कायद्यानेही भागत नाही. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले केले, पण तो ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी तेथील पाणी प्याले. तरी न्यायालयाचा अंतिम निकाल मिळावयास १९३७ साल उजाडले. आज २०१४ चा पथविक्रेता कायदाही सांगतो की, सर्वेक्षण पुरे झाल्यावाचून फेरीवाल्यास उठवू नये. तो कितपत पाळला जातो, हे आपणच डोळे उघडून पाहावे.

कोणी म्हणेल, सर्वांस मोकळीक दिल्यास उद्याने घाण होतील. घाण वाईट सवयींनी होते, फाटक्या वस्त्रांनी नव्हे. नियम अवश्य असावेत, पण ते सर्वांस सारखे असावेत.

शुभवर्तमानातील श्रीमंताने दाराशी पडलेल्या लाजरास हाकलले नव्हते. त्याची दखल घेतली नाही, एवढाच त्याचा अपराध. आपण तर दाराशी पडावयासही जागा ठेवीत नाही. विद्यार्थीमित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी नगरसेवक. बाक आखताना, ज्याला बसावयास दुसरी जागा नाही त्याची आठवण प्रथम ठेवा.