कांदा खाल्ला का, हा पहिला प्रश्न नव्हे



आज जरा अवघड विषय घेतला आहे. तुरुंग. वाचूनच काहीजणी म्हणतील, आपला काय संबंध? आपण साध्या घरातल्या बाया, स्थानक बरं की आपलं घर बरं. पण आजूबाजूला नीट बघा. व्यापार करणारा आपला समाज. चेक न वटल्याच्या केसेस आहेत, पतसंस्था बुडाल्या की संचालकांवर गुन्हे दाखल होतात, आणि कित्येकदा कागदावर संचालक म्हणून घरातल्या बाईचं नाव असतं. तिला सही कुठे केली तेही आठवत नसतं. सुनेच्या तक्रारीत सासू-नणंदेची नावं येतात. खरं-खोटं कोर्ट ठरवील, त्याला वर्षं लागतील. पण त्याआधी दहा-पंधरा दिवस आत काढावे लागले तर? चौविहार करणारी, कांदा-लसूण न खाणारी साठीची बाई तिथे काय खाईल, आणि ताप आला तर काय करील? याविषयी आपण बोलतच नाही. कारण बोलणं म्हणजे अभद्र. माझं मत असं की, न बोलण्यानेच जास्त नुकसान होतं.

तुरुंग म्हटलं की लाज, हे समीकरण निदान आपण नगरकरांनी तरी धरू नये. (आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण जिभेवर नगरच आहे.) आपल्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून काँग्रेस कार्यकारिणीचे बाराजण कैदेत होते. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, आपले शंकरराव देव, अशी मोठी माणसं. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ १९४४ साली तिथेच लिहिलं, हे आपण शाळेत शिकलो. पण त्याच भिंतींच्या आत सरदारांना आतड्याचं दुखणं होतं आणि नरेंद्र देवांना दमा, हे कोणी शिकवलं नाही. मौलाना आझादांनी तिथून लिहिलेल्या पत्रांत स्वयंपाक्याचीही हकीकत आहे. बाहेर निरोप जाऊ नयेत म्हणून त्या बिचाऱ्यालाही बाहेर सोडेनात, तो कैद्यांपेक्षा जास्त घाबरला! म्हणजे एवढ्या थोरांनाही आत गेल्यावर पोट आणि छाती सुटली नाही. श्रीगोंदा तालुक्यातल्या विसापूरच्या तुरुंगात १९३०-३२ च्या सत्याग्रहातले लोक होते. आपल्याच समाजातले नगरचे वकील कुंदनमलजी फिरोदिया आणि त्यांचे चिरंजीव नवलमलजी हेही स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले होते. कुंदनमलजी पुढे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. त्यांना कोणी विचारलं नसेल, की आत कांदा खाल्ला का.

अर्थात ते देशासाठी गेले आणि आजची माणसं पैशाच्या भानगडीत जातात, हा फरक मला कळतो. पण भूक, बद्धकोष्ठ आणि ताप यांना तो फरक कळत नाही.

आता जेवणाकडे येते. एक गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. तुरुंगात चौविहार पाळणं घरापेक्षा सोपं. संध्याकाळी मोजणी करून बराकी बंद करतात, आणि त्याआधीच, दिवस असताना, रात्रीचं जेवण देऊन टाकतात. बाकीच्या बाया ताट झाकून ठेवतात आणि सात-आठला गार झालेलं खातात. आपली बाई तेच ताट मिळाल्या मिळाल्या गरम खाऊन मोकळी होते. नवकारशीचंही तसंच, चहा-नाश्ता थोडा थांबून घेतला की झालं.

अडतं ते भाजी-आमटीशी. आपला जिल्हा कांद्याचा, आणि मोठ्या कढईत शंभर-दोनशे माणसांचा स्वयंपाक होतो, तिथे कांदा-लसूण-बटाटा असणारच. मग राहतं काय? पोळी किंवा भाकरी, भात, मिळालं तर दूध, केळं, आणि कँटीनमधून घेता येणारे पदार्थ. घरून मनीऑर्डरने पैसे पाठवले की ते कैद्याच्या खात्यावर जमा होतात आणि त्यातून मर्यादेत वस्तू घेता येतात. शेंगदाणे, फुटाणे, गूळ असं काही मिळालं तर पोळीबरोबर पोट भरतं. आयंबिलची ओळी करणाऱ्या बाईला कोरडं अन्न नवीन नाही. उणोदरी, रसपरित्याग हे आपण तप म्हणून हौसेने करतो. तेच आत गरज म्हणून करायचं. फरक एवढाच, की तप समजून घेतलं तर मन शांत राहतं आणि छळ समजून घेतलं तर तेवढंच अन्न अंगी लागत नाही.

पण, आणि हे ‘पण’ मला मोठ्याने म्हणायचं आहे, उपाशी राहून अंग टाकणं म्हणजे धर्म नव्हे. आपल्या पच्चक्खाणांत आगार असतात. आपण ते रोज म्हणतो आणि अर्थाकडे लक्ष देत नाही. अनाभोग, म्हणजे नकळत झालं. सहसागार, म्हणजे अचानक झालं. आणि सव्वसमाहिवत्तियागार, म्हणजे दुखण्याने समाधी ढळू लागली तर ती टिकवण्यासाठी औषधपाणी घेता येतं. समकिताच्या प्रतिज्ञेत जे सहा आगार सांगितले आहेत त्यात पहिलाच राजाभियोग आहे, राजाची सक्ती. तो जेवणासाठी सांगितलेला नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्यांनी व्रतं सांगितली त्यांनी राजाचा हात माणसावर पडू शकतो हे लक्षात घेतलं होतं, एवढं तरी त्यातून दिसतंच. व्रताला दार ठेवलं आहे ते माणूस मोडू नये म्हणून. सक्तीत काही खाल्लं गेलं तर बाहेर आल्यावर महासतीजींकडे आलोयणा घ्यावी, प्रायश्चित्त देतील ते करावं. हा रस्ता आधीच आखलेला आहे. त्यावर टीका करायला आपण कोण?

आता दुखण्यांचं. आत मोठे आजार नंतर, आधी छोटेच छळतात. भाजी सोडली, पाणी कमी प्यायलं, चालणं बंद, की चौथ्या दिवशी पोट साफ होत नाही. काळजीने आम्लपित्त. नेहमीचा चहा चुकला की डोकं दुखतं. उपाय साधे आहेत. पाणी दिवसाउजेडी मुद्दाम मोजून प्यायचं, उकळलेलं नसलं तरी स्वच्छ कापडाने गाळून. अंगणात सोडतील तेवढा वेळ बसून न राहता चालायचं. जुलाब झाले तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट, असं पाणी घोट घोट घ्यायचं. अंगाला खाज सुटली तर लाजू नये. एकत्र झोपण्यात, अंथरूण-पांघरूण एकमेकींचं वापरण्यात खरूज पसरते, आणि एकटीनेच औषध लावून ती जात नाही, सगळ्यांनी एकदम लावावं लागतं. म्हणून लगेच सांगायचं.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर फार सांभाळावं. पाच वाजता जेवण आणि मग सकाळपर्यंत काहीच नाही, हे चौदा तासांचं अंतर होतं. रात्री साखर उतरून घाम फुटला, हात थरथरले, तर तोंडात साखर किंवा गूळ टाकायचा. तिथे चौविहार मध्ये आणायचा नाही. औषधाची वेळ आणि मात्रा तुरुंगाच्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारून बदलून घ्यावी.

हे मागणं म्हणजे मेहरबानी नाही. इंग्रजांच्या वेळच्या १८९४ च्या तुरुंग कायद्यातसुद्धा कलम ३१ आहे: ज्याचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही अशा कैद्याला तपासणी आणि नियमांच्या अधीन राहून बाहेरून अन्न, कपडे, अंथरूण घेता येतं. कलम ३७ म्हणतं, की ज्या कैद्याला वैद्यकीय माणसाला भेटायचं आहे किंवा जो आजारी दिसतो, त्याचं नाव पहारेकऱ्याने विनाविलंब वर कळवायचं. आत घेतानाही तपासणी होते. तेव्हाच बीपी, साखर, थायरॉईड, दमा, जे असेल ते सांगून लिहून घ्यायला लावावं. घरच्यांनी जुनी प्रिस्क्रिप्शनं वकिलाकडे द्यावीत. न्यायाधीशांसमोर उभं केल्यावर आहार आणि औषधाविषयी तिथेच बोलता येतं, वकिलाला अर्ज देता येतो. आणि स्त्रियांना व कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न किती ते न बघता, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिला आहे. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. फोन १५१००. हा नंबर फ्रीजवर दूधवाल्याच्या नंबरशेजारी लिहून ठेवला तर काही अभद्र होत नाही.

मात्र मागायचं किती, यालाही मर्यादा आहे. दिल्लीचे मंत्री सत्येंद्र जैन तिहारमध्ये असताना त्यांनी धर्मश्रद्धेनुसार फळं, सुकामेवा वगैरे मिळावं असा अर्ज केला होता, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने तो फेटाळला. सर्व कैदी समान, एकालाच वेगळं देता येणार नाही, असा त्यातला मुद्दा होता. त्यांच्या केसच्या गुणदोषांत मी पडत नाही. पण तेव्हा आपल्याकडे दोन तट पडले. एकजणी म्हणाल्या, हा आपल्या धर्माचा अपमान. दुसऱ्या म्हणाल्या, बरं झालं. मला वाटतं दोन्ही चूक. अभक्ष्य टाळता यावं, हे मागणं योग्य आहे. ते कमी मागणं आहे: मला कांद्याची भाजी नको, साधं वरण द्या. तेवढं कोणत्याही स्वयंपाकघराला जमतं, आणि ते हिंदू बाईच्या उपासाला, मुस्लिम बाईच्या रोजालाही तसंच मिळायला हवं. पण ते मागताना आपण इतरांपेक्षा वरचे आहोत असा सूर लागला, की मग तो धर्म राहत नाही, मान होतो. आणि मान हा चार कषायांतला एक आहे.

आपल्या समाजातल्या एक ताई मध्यंतरी अकरा दिवस आत होत्या. जिल्हा, नाव काही सांगत नाही. पहिले तीन दिवस त्यांनी फक्त पोळी आणि पाणी घेतलं. चौथ्या दिवशी चक्कर येऊन पडल्या. शेजारी झोपणाऱ्या एका बाईने, जी कोण कुठली तेही त्यांना ठाऊक नव्हतं, आपलं केळं त्यांना दिलं आणि पहारेकरणीला हाका मारून डॉक्टरकडे नाव लावायला लावलं. जामिनावर सुटून त्या घरी आल्या. भेटायला गेलेल्या बायकांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? “कांदा खावा लागला का हो?” ताई मला म्हणाल्या, आत अकरा दिवसांत रडले नाही, त्या प्रश्नाने रडले. एकीनेही विचारलं नाही, की औषध मिळत होतं का, झोप लागत होती का, भेटायला कोण आलं. भेटायला आपल्यापैकी कोणीच गेलं नव्हतं, म्हणून तो प्रश्न टाळला असेल.

मैत्रिणींनो, आपल्या कथांत कैदेतली माणसं कमी आहेत का? श्रेणिक महाराजांना त्यांच्याच मुलाने, कूणिकाने, कोंडलं तेव्हा राणी चेलना अंबाड्यात उडदाचा गोळा लपवून नेत असे. नवऱ्याला लाज आणली म्हणून ती घरी बसली नाही. आणि चंदनबाला? डोकं भादरलेली, पायात बेडी, तीन दिवसांची उपाशी, तळघरात कोंडलेली मुलगी. पाच महिने पंचवीस दिवस महावीर प्रभू गोचरीला फिरून परत जात होते. त्यांच्या अभिग्रहात बेडी घातलेली स्त्रीच होती. सुपातले उडदाचे बाकळे त्यांनी तिच्याच हातून घेतले. सेठाणीच्या घरात त्या दिवशी पक्वान्न नक्कीच असेल.

या गोष्टी आपण दर पर्युषणात ऐकतो, डोळे पुसतो आणि घरी येतो. आता थोडं काम करू या. प्रत्येक संघात दोघी-तिघींनी ठरवून ठेवावं: कोणाच्या घरी असा प्रसंग आला तर एकीने वकील आणि औषधांचे कागद बघायचे, एकीने घरी राहिलेल्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना डबा पोचवायचा, एकीने नियमाप्रमाणे भेटीला जायचं. जमलं तर महिलांच्या बराकीसाठी सॅनिटरी पॅड, साबण, अंगाला लावायचं तेल असं काही परवानगी काढून सगळ्यांसाठी द्यावं, फक्त आपल्या बाईसाठी नव्हे. जीवदयेसाठी आपण पांजरपोळाला सढळ हाताने देतो. बराकीत झोपणारी बाईसुद्धा पंचेंद्रिय जीवच आहे.

आणि ती परत आली की पहिला प्रश्न एकच: “बरी आहेस ना?” कांद्याचं ती आणि महासतीजी बघून घेतील.

जय जिनेंद्र.