नाळ कापणाऱ्या हाताची नोंद कोण करणार?



२०२३ साली दिल्लीत नर्सिंग आणि सुईणकामाच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. नोंदवही आली, परीक्षा आली, पदवी-पदविका आली. वस्तीतली सुईण त्यात कुठंच नाही. जिनं गावंच्या गावं या जगात आणली, ती सरकारच्या कागदावर अजून जन्मलीच नाही.

नियम नकोत असं आम्ही म्हणत नाही. गंजक्या विळ्यानं नाळ कापली की धनुर्वातानं पोर जातं. बाळंतिणीचं रक्त थांबेना तेव्हा अंगारा कामाचा नाही, दवाखानाच लागतो. म्हणून ‘आमची थोर परंपरा’ असे गळे काढणाऱ्यांच्या पंगतीला आम्ही बसणार नाही. ही परंपरा कुणी लादली ते आम्हाला पाठ आहे.

महाराष्ट्रात हे काम मांगाच्या बाईकडं, उत्तरेत चमाराच्या बाईकडं. का? बाळंतपण म्हणजे विटाळ, आणि विटाळ उचलायला आमची जात! माझी आजी रात्री-अपरात्री वाड्यात शिरायची, पोर सोडवायची, वार पुरायची. काम झालं की मागच्या दारानं बाहेर. मग वाडा सारवून घ्यायचे. मोबदला शेर-दोन शेर जोंधळे, एखादं विटकं लुगडं. उत्तर प्रदेशातल्या चमारांनी १९५० नंतर हे झुगारलं. नाळ कापणार नाही, मेलेलं ढोर ओढणार नाही. त्याला नारा-मवेशी आंदोलन म्हणतात. त्यापायी त्यांनी मार खाल्ला.

आणि सरकार? गोऱ्या सायबाच्या काळात, १९०३ च्या सुमाराला, लेडी कर्झननं सुईणींच्या शिकवणीसाठी फंड काढला. आपल्या सरकारनं १९७० च्या दशकात शिबिरं भरवली. शिकवलं, पण पगार दिला नाही. २००५ ला जननी सुरक्षा योजना आली, पैसा दवाखान्यातल्या बाळंतपणाला. २०१८ ला ठरलं, नर्सनं अठरा महिने शिकून सुईणकामात तरबेज व्हावं. होऊ दे. पण जिला शाळेची पायरी चढू दिली नाही, तिलाच विचारता, सर्टिफिकेट कुठाय?

आम्ही गोदीवाले. १९४८ च्या गोदी कामगार कायद्यानं कामगाराची नोंदणी सुरू झाली. पुढं काम नसलं तरी हजेरीचे पैसे मिळायला लागले. युनियन होती म्हणून नोंदणीचा हक्क झाला. सुईणीला युनियन नाही, म्हणून तिच्या वाट्याला नोंदणी आली ती चाळणी होऊन.

आमचं मागणं सरळ आहे. पाड्या-वस्त्यांवर जी आजही बाळंतपणं करते तिला शिकवणी द्या, पगार द्या, म्हातारपणी पेन्शन द्या. तिच्या पोरीला नर्सिंगला बिनफीची जागा द्या, पण तिला हवी असेल तरच. सुईणीची पोर सुईणच, हा तर मनूचा परवाना! आणि वाड्यातल्या पोरीही येऊ द्यात या कामाला. त्यांचेही हात रक्तात भिजू द्यात.

तोवर एक करा. आपापल्या चाळीत, गावाकडं, हयात असलेल्या सुईणींची नावं लिहून काढा. किती बाळंतपणं केली, काय मिळालं, तेही विचारा. सरकारची वही बंद असेल, आपली उघडा.