लिनक्सवर गेम चालतात; अडसर आता विश्वासाचा

विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि जुन्या संगणकांवर गेम खेळणाऱ्यांसमोर लिनक्सचा पर्याय नव्याने उभा राहिला. दशकापूर्वी तो फारसा उपयोगाचा नव्हता. व्हॉल्व्ह कंपनीची २०१५ मधील ‘स्टीम मशीन’ प्रामुख्याने गेमच्या तुटवड्यामुळे फसली. २०१८ मध्ये याच कंपनीने ‘प्रोटॉन’ आणले. विंडोजसाठी लिहिलेल्या गेमच्या सूचना ते लिनक्सला समजतील अशा रूपात, गेम चालू असतानाच बदलते. निर्मात्याला वेगळी आवृत्ती काढावी लागत नाही.

तरीही ‘फोर्टनाइट’ आणि ‘व्हॅलोरंट’ लिनक्सवर थेट खेळता येत नाहीत. त्यांतील फसवेगिरी रोखणारी यंत्रणा विंडोजच्या गाभ्यात शिरून पहारा देते; लिनक्सचा गाभा वापरकर्ता स्वतःच बदलू शकतो, आणि तेच कंपन्यांना खुपते. ‘एपेक्स लेजेंड्स’ने तर आधी दिलेला प्रवेश २०२४ मध्ये काढून घेतला. प्रामाणिक खेळाडूंनाही त्याचा फटका बसला. परंतु स्टीमच्या पाहणीत २०२५ मध्ये जेमतेम तीन टक्के असलेल्या वर्गासाठी स्वतंत्र पहारा उभारणे कंपन्यांना परवडणारे वाटत नाही.

दुसरा पेच प्रोटॉनच्या यशातूनच आला आहे. विंडोजची आवृत्ती लिनक्सवर चालत असेल, तर लिनक्ससाठी मुद्दाम कोण लिहील? या स्वातंत्र्याचा पाया आजही मायक्रोसॉफ्टच्या ‘डायरेक्टएक्स’वरच आहे.