पंप बदलण्याआधी विहिरीचा गाळ काढा



या सदरात आपण नेहमी बियाणे, खते आणि पाणी यांबद्दल बोलतो. आज मात्र लॅपटॉपबद्दल चार शब्द सांगणार आहे. साहेबांना हे काय सुचले, असे म्हणू नका. हल्ली घरोघरी कॉलेजात जाणारी मुले आहेत आणि लॅपटॉपचा खर्च शेवटी सोयाबीनच्या पट्टीतूनच होतो. तिथे फसगत झाली, की पुढच्या पेरणीच्या खताला कात्री लागते.

परवा एका गावी शेतीशाळा आटोपून पारावर चहा घेत होतो. तिथे आबा आणि अण्णा या दोघा भावांचा वाद चालला होता. आबांची नात तालुक्याला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचा लॅपटॉप चालू व्हायलाच पाच-सहा मिनिटे घेतो आणि प्रकल्प द्यायची तारीख तर तोंडावर आलेली. अण्णा म्हणत होते, "बैल थकला. मोडीत काढा आणि नवा आय सेव्हन घ्या." आबा म्हणत होते, "सगळा कशाला? आतला प्रोसेसर तेवढा नवा टाकू." तेवढ्यात तिसऱ्याने तोंड घातले, "त्या कंपनीचा कारभारीच बदलला म्हणे. तिचा माल घेऊच नका!" पोरगी खांबाआड गप्प उभी होती. या वादात आपले शिक्षणच मागे पडते की काय, अशी भीती तिच्या चेहऱ्यावर दिसत होती.

मी म्हटले, "आबा, आधी यंत्र तर बघू द्या."

प्रथम आबांचा मुद्दा. प्रोसेसर म्हणजे लॅपटॉपची मोटर. टेबलावरच्या मोठ्या संगणकात ती बऱ्याचदा काढून दुसरी बसवता येते. लॅपटॉपमध्ये मात्र अलीकडे ती मुख्य पट्टीवर डाक देऊन पक्की केलेली असते. नवा प्रोसेसर हवा म्हणजे बहुधा नवा लॅपटॉपच घ्यावा लागतो. कोणी "प्रोसेसर बदलून देतो" म्हणाला, तर दोनदा विचार करा.

पण पोरीच्या लॅपटॉपची मोटर खराब नव्हतीच. तो निघाला आय फाइव्ह ८२५०यू, चार कोअरचा. कोअर म्हणजे कामाला लावलेले गडी समजा. चार गडी तयार होते, पण त्यांना काम पोचत नव्हते. आत फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क होती आणि रॅम अवघी चार जी.बी. पाच हॉर्सपॉवरचा पंप बसवला आणि विहिरीत गाळ साचलेला असला, तर पाणी कसे यावे? तिथे पंप बदलून उपयोग नाही, गाळ काढावा लागतो. हार्ड डिस्कच्या जागी एस.एस.डी. बसवली आणि रॅम आठ जी.बी. केली, की असे यंत्र अभ्यासाच्या कामाला पुन्हा चपळ होते.

आता अण्णांचा आय सेव्हन. इथे मी माझीच फजिती सांगतो. टाळेबंदीच्या काळात मुलाचे वर्ग घरून सुरू झाले, तेव्हा मी एका दुकानातून वापरलेला लॅपटॉप आणला. त्यावर आय सेव्हनची चिकटपट्टी होती. सगळ्यांत मोठा आकडा म्हणून मी मिशीला पीळ दिला. पुढे कळले, की तो ७५००यू, म्हणजे सातव्या पिढीचा, आणि आत गडी दोनच! २०२२ साली आलेल्या आय थ्री १२१५यू मध्ये सहा कोअर आहेत. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा मोफत सुरक्षा-पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. विंडोज ११ च्या मान्य यादीत माझा आय सेव्हन नाही आणि पोरीचा आय फाइव्ह मात्र आहे. नाव मोठे, लक्षण खोटे, ते असे.

बियाण्याच्या पिशवीवर आपण नुसते वाण वाचत नाही, लॉट नंबर आणि तारीखही बघतो. तसेच इथे पिढी बघावी. आय फाइव्हच्या पुढच्या आकड्यात सुरुवातीला ८ असेल तर आठवी पिढी, १२ असेल तर बारावी. एएमडी कंपनीच्या रायझनमध्ये आणखी एक मेख आहे. रायझन फाइव्ह ७५२०यू आणि ७५४०यू ही नावे जुळ्या भावांसारखी दिसतात. पण पहिल्यात २०१९ साली आलेली झेन २ ही जुनी घडण आहे आणि दुसऱ्यात झेन ४. त्या मालिकेत तिसरा आकडा घडण सांगतो. पिशवी नवी, बियाणे जुने, असा प्रकार होऊ देऊ नका.

राहिला कारभाऱ्याचा मुद्दा. तो अगदीच फोल नाही. इंटेल ही कंपनी रॉबर्ट नॉईस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ साली अमेरिकेत काढली. तिचा मूळ धंदा मेमरी चिपचा. १९८५ च्या सुमारास जपानी मालापुढे तो तोट्यात गेला. तेव्हा अँडी ग्रोव्ह यांनी मूर यांना विचारले, की आपल्याला काढून नवा कारभारी आणला तर तो काय करील? मूर म्हणाले, मेमरीचा धंदा सोडील. मग ते आपणच का करू नये, असे ग्रोव्ह यांना वाटले आणि कंपनी प्रोसेसरकडे वळली. वडील घेत होते म्हणून न परवडणारे पीक घेत राहणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पुढे हेच घर सुस्तावले. नवे तंत्र कित्येक वर्षे लांबले, आणि साध्या, पातळ लॅपटॉपमधले आय फाइव्ह, आय सेव्हन २०१७ पर्यंत दोन कोअरवरच राहिले. एएमडी तेव्हा फार अडचणीत होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये स्वतः इंजिनिअर असलेल्या लिसा सू यांनी तिचा कारभार हाती घेतला. नव्या घडणीवर भर दिला आणि २०१७ साली रायझन बाजारात आला. त्याच वर्षी इंटेलनेही आय फाइव्हमध्ये चार कोअर दिले. आबांच्या नातीचा प्रोसेसर त्याच हंगामातला! दोन व्यापारी बोलीला उभे राहिले, की शेतकऱ्याला भाव मिळतो. म्हणून एकाच कंपनीचे भक्त होऊ नका.

इंटेलमध्ये पॅट गेल्सिंगर २०२१ साली आले, डिसेंबर २०२४ मध्ये गेले. मार्च २०२५ मध्ये लिप-बू टॅन आले. पण कारभाऱ्याचा निर्णय म्हणजे आंब्याचे कलम. फळ यायला तीन-चार वर्षे जातात. आज दुकानात असलेला लॅपटॉप हे जुन्या कारभाऱ्यांच्या कष्टाचे फळ आहे. शेअर घेणाऱ्याने कारभारी बघावा. आपण हातातली वस्तू, हमीची मुदत आणि तालुक्याला दुरुस्ती होते का, एवढे बघावे.

आता हिशेब. समजा, ४५,००० रुपयांचा लॅपटॉप पाच वर्षे चालला, तर वर्षाला ९,००० पडले. ६२,००० चा घेतला आणि तोही पाचच वर्षे चालला, तर वर्षाला १२,४०० पडले. समजा, जुन्याची दुरुस्ती ६,००० रुपयांत झाली आणि तो आणखी दोन वर्षे चालला, तर वर्षाला ३,०००. भाव बदलतात, म्हणून दोन-तीन दुकानांत विचारून आपले आकडे आपण मांडा. मुलगा अभियांत्रिकीचे मोठे नकाशे काढणार असेल किंवा व्हिडिओचे काम करणार असेल, तर जास्त ताकदीचे यंत्र घेणे रास्तच. लिहिणे, हिशेब आणि ऑनलाइन वर्ग यांसाठी ते लागत नाही.

नवा घेणारच असाल, तर रॅम पुढे वाढवता येते का, हे विचारा. काही यंत्रांत तीही पक्की डाकलेली असते. जुना दुरुस्त करणार असाल, तर आधी सगळा अभ्यास पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. बॅटरी फुगली असेल तर यंत्र लगेच बंद करा आणि ती बदलून घ्या. बिल घेतल्याशिवाय दुकान सोडू नका.

सगळे ऐकून आबा अण्णांकडे बघून हसले. अण्णा म्हणाले, "उद्या मीच पोरीला घेऊन तालुक्याला जातो." गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. लॅपटॉप आता अर्ध्या मिनिटात चालू होतो आणि प्रकल्प वेळेत गेला. वाचलेल्या पैशांतून आबांनी तिची पुढच्या सहामाहीची फी बाजूला काढून ठेवली आहे.

पुढच्या अंकात हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेबद्दल बोलू. तोवर रामराम.